एक कोयता, एक हंगाम: मराठवाड्यातून टीव्हीसाठी माहितीपट कसा करावा

संस्कृती, स्थलांतर, निसर्ग आणि तंत्रज्ञान असे चार भारदस्त शब्द प्रस्तावात घालून वाहिनीकडे गेलात, तर समोरचा अधिकारी मान डोलावतो, चहा पाजतो आणि फाईल बाजूला ठेवतो. विषयात खोट नसते, पण त्यात माणूस दिसत नाही. मी अंबाजोगाईत राहते, टीव्हीसाठी अर्ध्या तासाचे माहितीपट करते, आणि या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरापोरींना माझं एकच सांगणं असतं: विषय चार घेऊ नका, कोयता एक घ्या.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम (मजूर जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे, हिशेब होतो तोही कोयत्यामागेच. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास अशा जोड्या निघतात आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्यापासून पार कर्नाटकापर्यंत जातात. अशा एका जोडीमागे हंगामभर राहा. गावात पाणी का नाही, फडात, म्हणजे तोडीच्या उसात, हार्वेस्टर (ऊस तोडणारं यंत्र) आलं तर काय होईल, चंपाषष्ठीला तळी कुठं भरायची, हे सगळं त्यांच्याच बोलण्यातून निघतं. तुम्हाला वेगळं 'निसर्ग प्रकरण' आणि 'तंत्रज्ञान प्रकरण' काढावं लागत नाही.

प्रस्तावही तसाच लिहा. पहिल्या ओळीत कोण, कुठून, कुठं आणि या हंगामात त्यांच्यापुढं कोणता प्रश्न आहे. "लेकराला शाळेसाठी आजीजवळ ठेवायचं की सोबत न्यायचं, हे ठरवणारी एक जोडी" एवढ्या ओळीवर माणूस फाईल उघडतो. आकडेवारी दुसऱ्या पानावर.

आधी पंचांग, मग कॅमेरा

मुंबई-पुण्याहून येणारी युनिटं तारखा आधी ठरवतात आणि गोष्ट त्यात बसवतात. इथं ते चालत नाही. उसाचा हंगाम कारखान्याच्या धुराड्यावर चालतो, गाव सणांवर चालतं, पाखरं पाण्यावर. या तिन्हींचं एक वेळापत्रक भिंतीवर लावल्याशिवाय मी कॅमेऱ्याचं भाडंसुद्धा विचारत नाही.

श्रावण-भाद्रपदात पहिली फेरी, कॅमेऱ्याशिवाय. या दिवसांत माणसं घरी असतात, मुकादम उचलीचं बोलायला फिरत असतो, आणि लोकांना बोलायला सवड असते. ओट्यावर बसा, चहा घ्या, आपलं गाव कोणतं ते सांगा. "काय करायलात ताई तुम्ही नेमकं?" असं त्यांनी विचारलं की सरळ सांगा: टीव्हीवर दाखवणार आहे, पैसे मिळवून देणार नाही, योजना मंजूर करून आणणार नाही. कॅमेऱ्याबरोबर सरकारही आलं असं कुणाला वाटू देऊ नका. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं नाही तर पुढचे सहा महिने तुम्ही शूटिंग कमी आणि अर्ज जास्त लिहाल.

निघण्याचा दिवस चुकला तर चित्रपटाचं पहिलं पान गेलं म्हणून समजा. ट्रॅक्टर पहाटे लागतो आणि भांडी, सरपण, पीठ, शेळी, कोंबड्या, लेकरं असं सगळं ट्रॉलीत भरून तासाभरात गाव रिकामं होतं. तारीख मुकादमाला माहीत असते, पण ती दोनदा बदलते. त्यामुळे आदल्या तीन-चार रात्री गावातच मुक्काम ठेवावा. कॅमेरा ट्रॉलीवर रोखण्याच्या मोहात पडू नका. त्यावेळी खरं चित्र मागं राहणाऱ्यांच्या दारात असतं: म्हातारी, बांधलेली म्हैस आणि शाळेसाठी गावात ठेवलेलं एखादं लेकरू. बीड जिल्ह्यात अशा लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तुमच्या गावात ते चालू आहे का, जेवण कोण करतं, हे जाऊन बघा, कागदावरून लिहू नका.

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या वेळापत्रकात लाल शाईनं लिहा. लातूर, धाराशिव भागात त्या दिवशी सगळी माणसं शेतात जातात आणि भर दुपारी बाजारपेठ ओस पडते. शेतात कडब्याची कोपी (खोपटं) करून पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील होते, ओळखीपाळखीच्यांना हाताला धरून जेवायला नेतात. त्याच दिवशी तुमची जोडी दोनशे-तीनशे किलोमीटरवर वाढ्या-पाचटाच्या (उसाचे शेंडे आणि वाळला पाला यांच्या) कोपीत असते. तुमच्याकडे दोन कॅमेरे असतील तर एक शेतात ठेवा, एक फडावर. मग एडिटमध्ये एका कोपीवरून दुसऱ्या कोपीवर कट मारा आणि निवेदनात एक शब्दही घालू नका. मराठी प्रेक्षकाला तो कट कळतो.

परवानग्या

कंटाळवाणं काम आहे, पण प्रक्षेपणाच्या आदल्या आठवड्यात वाहिनी हेच कागद मागते.

जायकवाडीचा नाथसागर, पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, येडशी रामलिंग, कन्नडचं गौताळा ही सगळी अभयारण्यं. आत शूटिंग करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज वन विभागामार्फत जातो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून फ्लेमिंगो हवे असतील तर पावसाळ्यातच अर्ज टाका. अजिंठा-वेरूळसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, रेल्वे स्थानकासाठी रेल्वे, आणि कारखान्याच्या गव्हाणीवर (ऊस गाळपाला टाकतात ती जागा) जायचं तर कारखान्याचं पत्र. कारखान्यात 'सुरक्षा' म्हणून तुमच्याबरोबर एक माणूस दिला जातो. तो असताना कामगार काय बोलतील याची अपेक्षा ठेवू नका. आतली फक्त यंत्रं टिपा, मुलाखती बाहेर घ्या.

ड्रोनचं तर पेवच फुटलंय. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे धंद्यासाठी २५० ग्रॅमवरचं ड्रोन उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातसुद्धा उंचीची मर्यादा १२० मीटर. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं विमानतळ आहेत, तेव्हा आधी नकाशा बघा. नियमाबाहेरची एक गोष्ट मी सांगते: बैलगाडी भरलेली असताना ड्रोन खाली आणू नका. बैल बुजतात, आणि टनभर ऊस लादलेली टायरगाडी उताराला कलली तर गाडीवानाच्या जिवावर बेततं. माझ्या मते अर्ध्या तासात ड्रोनचे दोन शॉट पुरे. फडाच्या मधोमध उभं राहिलं की चारी बाजूंनी उसाच्या भिंती असतात, वरून काही दिसत नाही, वारा लागत नाही. तिथं काम करणाऱ्याचं जग तेवढंच. ड्रोननं ते जग तुम्हीच मोडता.

फडात

तोड पहाटे सुरू होते, कधी कधी अंधारातच. त्यामुळे रात्रीच्या मुक्कामाला तालुक्याच्या लॉजवर न जाता कोपीजवळच सोय बघा. वीज नसते. गाडीत इन्व्हर्टर ठेवा, बॅटऱ्या दुपारीच भरून घ्या. कार्ड रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि दोन्ही डिस्क एका बॅगेत ठेवू नका. पाचटाचा भुसा लेन्सच्या कडीत जाऊन बसतो, म्हणून लेन्स बदलायची तर गाडीची काच वर करून आतमध्ये. एकच झूम लेन्स लावून दिवस काढणं उत्तम.

भारतात वीज ५० हर्ट्झची, टीव्हीचं प्रक्षेपण २५ फ्रेमच्या हिशेबातलं. कॅमेरा असो वा मोबाईल, २५ फ्रेम आणि शटर १/५० वर पक्कं करा, नाहीतर गावातल्या एलईडी दिव्याखाली चित्र लुकलुकतं. मोबाईल आपल्या मनानं फ्रेम कमीजास्त करतो आणि एडिटला आवाज सरकतो. त्यासाठी फ्रेम बांधून ठेवणारं अ‍ॅप घ्या.

आता आवाज. चित्र हललं तरी प्रेक्षक सहन करतो, बोलणं ऐकू आलं नाही तर चॅनल बदलतो. ऊस तोडणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाहीचा सदरा घालतात, कारण उसाचं पान पात्यासारखं कापतं. कॉलर माईक तुम्ही या सदऱ्याच्या आत लावला की प्रत्येक घावाला कापड घासतं, वर पाचटाची खसखस, आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरड येते. सदऱ्यावर बाहेर लावला तर मोळी उचलताना तुटून पडतो. माईकची जागा डोक्याला बांधलेल्या फडक्यात आहे, कपाळाच्या वर, गाठीच्या बाजूला. ट्रान्समीटर कमरेला मागं न लावता पोटाशी लावा, कारण मोळी उचलताना सगळा भार पाठीवर आणि मानेवर येतो. माईक आपल्या हातानं लावण्याआधी विचारा, आणि युनिटमध्ये बाई असेल तर तिनंच लावावा. युनिटमध्ये बाई नसेल तर हा विषय करायला निघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोयत्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. बुडाशी बसणारा घाव जाड असतो, वरचं वाढं छाटतानाचा आवाज हलका, आणि मोळी जमिनीवर टाकली की तिसराच. बैलांच्या घुंगुरमाळा, ट्रॅक्टरवरचा टेप, कोपीत रडणारं लेकरू, चिटबॉयनं (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) मारलेली हाक, हे सगळं माणसं गप्प असताना दोन-दोन मिनिटं घेऊन ठेवा. पुढं एडिटमध्ये वाद्यसंगीताचा मोह याच आवाजांमुळं आवरतो. बासरी आणि सारंगी लावून गरिबी दाखवणारे माहितीपट आता बास झाले.

मुलाखत काम चालू असताना घ्या, नाहीतर रात्री चुलीशी. दुपारी सावलीला बसवून घेतलेली मुलाखत भाषणासारखी होते. "तुम्हाला कसं वाटतं?" हा प्रश्न विचारूच नका. "काल किती टन भरलं?", "चिठ्ठी कुणाकडं आहे?", "उचल किती राहिली?" असं विचारा. हिशेब सांगता सांगता माणूस मनातलं बोलतो. एका मावशीनं कोपीच्या मेढीवर, म्हणजे खांबावर, कोळशानं खुणा केल्या होत्या, दर खेपेला एक. तिला लिहिता येत नव्हतं, पण कारखान्याच्या पावत्या आणि तिच्या खुणा यांचा मेळ ती रोज घालायची. मी त्या मेढीवर कॅमेरा लावला आणि तिला फक्त "ही कोणती खूण?" एवढंच विचारत गेले. पुढची वीस मिनिटं तिनंच चालवली.

उचलीचा आकडा कॅमेऱ्यावर आला तर थांबा. तो दाखवायचा की नाही हे त्या जोडीला विचारा, मुकादम नसताना विचारा आणि प्रक्षेपणाच्या आधी पुन्हा एकदा विचारा. पुढच्या हंगामात त्यांना याच मुकादमाकडं जायचंय. संमतीपत्र मराठीत करा, वाचून दाखवा, वाचून दाखवतानाचं रेकॉर्डिंग ठेवा. मुकादमानं सगळ्या टोळीच्या वतीनं केलेली सही ही संमती धरू नका.

२०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गाजावाजा झाला, राज्य सरकारनं समिती नेमली, आणि देशभरातले कॅमेरे बीडच्या गावांत उतरले. तेव्हापासून कित्येक बाया त्याच प्रश्नाला कंटाळल्यात. तुम्हाला तो विषय हवा असेल तर जिला सांगायचंय तिनं सांगेपर्यंत थांबा. चेहरा झाकायचं कबूल केलं असेल तर नुसतं धूसर करून भागत नाही. गावातले लोक बांगड्यांवरून, आवाजावरून, मागच्या भिंतीच्या रंगावरून ओळखतात. अंधारात, पाठमोरं, दुसऱ्याच घरात शूट करा आणि आवाज दुसऱ्या बाईकडून घ्या. लेकरांच्या बाबतीत तर नाव-गाव सगळंच बाहेर ठेवा.

यंत्र, पाणी, पाखरं

हार्वेस्टर हा चांगला 'व्हिलन' दिसतो, आणि तीच अडचण आहे. त्याला रुंद सरी लागते, वळायला बांधाशी जागा लागते, तुकड्यातुकड्याच्या शेतात ते अडतं, उसाबरोबर पाचट जास्त जातं म्हणून वजनात कपात होते. एकीकडं टोळ्या मिळत नाहीत म्हणून कारखाने यंत्राकडं वळतात, तर दुसरीकडं उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून बुडालेले वाहनमालकही आहेत. यंत्राचा चालक, वाहनमालक, तुमची जोडी, तिघांनाही एकच प्रश्न विचारा: "पाच वर्षांनी इथं कोण तोडंल?" तिघांची उत्तरं एकामागोमाग लावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हा दराचा आकडा निवेदनात घालताना तो कोणत्या हंगामाचा आहे ते लिहा. जुना आकडा गेला तर पहिला फोन फडातूनच येतो.

पाण्याचं चित्र म्हणजे कोरडी विहीर आणि डोक्यावर हंडा, हे आता कुणी बघत नाही. त्याऐवजी विसंगती दाखवा. पाण्यावाचून गाव सोडणारी माणसं ज्या मराठवाड्यातून निघतात, त्याच मराठवाड्यात उसाचे कारखानेही आहेत. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं. ते फुटेज हवं असेल तर बातमीवाल्यांकडून लेखी हक्क घेऊनच वापरा. इंटरनेटवरून उतरवलेली क्लिप वाहिनीच्या वकिलाच्या हातात पडली की अख्खा भाग अडकतो. पैसे नसतील तर त्या वेळी टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच आज त्या जागी उभं करून बोलतं करा. बहुतेक वेळा तेच जास्त चांगलं होतं.

नाथसागरावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, पण ते उथळ पाण्यात चरतात. धरण तुडुंब असलं की काठाचा चिखल बुडतो आणि पक्षी पांगतात. म्हणून जाण्याआधी धरणाची पाणीपातळी बघा आणि तिथल्या मच्छीमारांना फोन करा. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसा, एकदा बसलात की उठू नका. पाखरं उडवून 'अ‍ॅक्शन' मिळवणारा कॅमेरामन मी परत बोलावत नाही. नायगावचे मोर पिसारा फुलवतात ते वळवाच्या आणि पहिल्या पावसाच्या दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही.

आणि एक विनंती. "पाखरंही पोटासाठी देशोदेशी जातात, माणसंही जातात" ही ओळ तुमच्या संहितेत असेल तर आत्ताच खोडा. फ्लेमिंगो कुणाची उचल घेऊन येत नाही. पाणी आणि पाखरं तुमच्या गोष्टीत तेव्हाच आणा, जेव्हा त्या जोडीचं त्यांच्याशी काही नातं असेल. जायकवाडीत ज्यांची शेती गेली त्यांची पुढची पिढी आज तोडीला जात असेल, तर नाथसागर तुमच्या चित्रपटात येतो. नसेल तर तो वेगळा चित्रपट आहे, पुढच्या वर्षी करा.

टेबलावर

शूटिंग संपलं की लगेच एडिटरकडं धावू नका. सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवून काढा, "मव्हं", "तुव्हं", "कामून" जसंच्या तसं. कागदावर वाक्यं रंगवा, कात्रीनं कापा, जमिनीवर पसरा. हा पेपर एडिट जितका नीट, तितके एडिट सूटचे पैसे वाचतात. बोली सुधारू नका. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला एखादा शब्द अडला तर खाली पट्टी द्या. निवेदनाचा आवाजही इकडचाच घ्या. पुण्याच्या स्टुडिओतल्या गुळगुळीत आवाजात धारूरचं नाव घेतलं की कानाला खटकतं.

टीव्हीवर तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलकी, असा नियम आहे. म्हणजे अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये तुमच्या वाट्याला साधारण २२ ते २४ मिनिटं येतात, तीही ब्रेकनं तोडलेली. ब्रेकच्या आधी प्रश्न सोडा: चिठ्ठीत टन कमी का भरलं? लेकरू शाळेत गेलं का? ब्रेकनंतर पहिल्या दहा सेकंदांत कोण, कुठं हे पुन्हा कळलं पाहिजे, कारण प्रेक्षक मधूनच येतो. पडद्यावरची अक्षरं मोबाईलवर वाचता येतील एवढी ठेवा आणि चौकटीच्या कडेला चिकटवू नका, जुन्या टीव्हीवर कापली जातात.

वाहिनीला काय काय द्यायचं याची यादी करार करतानाच मागा: मास्टर (अंतिम प्रत), त्यावर अक्षरं नसलेली दुसरी प्रत, बोलणं आणि इतर आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, संगीताची यादी, संमतीपत्रं, परवानग्या, फोटो, छोटी झलक. अक्षरं नसलेली प्रत नंतर करायची म्हटलं तर एडिटर दुप्पट पैसे मागतो आणि त्याचं चुकत नाही. कोपीसमोर ट्रॅक्टरवर वाजलेलं सिनेमाचं गाणंसुद्धा संगीताच्या यादीत येतं, आणि त्याचे हक्क नसतील तर तो शॉट आवाज काढून वापरावा लागतो. गाणं लागलेलं असताना महत्त्वाची मुलाखत घेऊ नका, ते यासाठीच.

प्रक्षेपणाची तारीख ठरवताना वाहिनीशी थोडं भांडा. नोव्हेंबर ते मार्च दाखवलं तर ज्यांच्यावर चित्रपट आहे ते फडात असतात, तिथं टीव्ही नसतो. माणसं परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे, मग लगीनसराई लागते. त्यानंतरचा, पेरणीच्या आधीचा एखादा रविवार मागून घ्या. तो नाहीच मिळाला तर करारात एक ओळ घालून घ्या, की प्रक्षेपणानंतर तुम्ही कमी साईजची प्रत त्या कुटुंबाला देऊ शकता. फाईल २५०-३०० एमबीच्या वर जाऊ देऊ नका, मेमरी कार्डात घालून मुकादमाच्या हाती न देता त्यांच्याच पोराच्या हातात द्या.